वाळू मांजरा नदीची, मासे ब्राझीलचे

जिओफेगस मासे पाळायचेत म्हणून जे विचारतात त्यांचा पहिला प्रश्न जोडी कितीला, दुसरा फिल्टर कोणता, आणि पाण्याचं मात्र कुणी काढतच नाही. माझ्या मते हे सगळं उलटं चाललंय. मासा काय, पैसे टाकले की ट्रॅव्हल्सच्या डिकीत थर्माकोलच्या खोक्यात बसून सकाळी लातूरला उतरतो. आधी पाण्याचा बंदोबस्त, मग वाळू, मग दगड आणि मासा सगळ्यात शेवटी. पाण्याचा बंदोबस्त म्हणजे काय हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे हे, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेवरून जी भांडणं झाली त्यातली एक-दोन अजून मिटलेली नाहीत.

हॉबीतले लोक याला नुसतं 'जिओ' म्हणतात, त्यामुळे घरात फोनवर बोलताना "जिओ आलेत का, किती जगले" असं ऐकून पाहुणे दचकतात ते वेगळंच. हा मासा सिक्लिड कुळातला, दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर मंडईत जी चिलापी मिळते ना, तिचा लांबचा भाऊबंद. चिलापी पण मूळची इथली नाही, आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणली आणि आता धरणं भरून उरलीय. चिलापीची मादी पिल्लं तोंडात सांभाळते हे मासेमारी करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं, आणि तीच कला जिओफेगसमध्ये पण आहे, फक्त जरा वेगवेगळ्या पद्धतीने, त्याबद्दल खाली लिहिते.

दुकानात विचाराल तर सगळ्या जिओंना एकच नाव चिकटवलेलं असतं, सुरिनामेन्सिस. खरा सुरिनामेन्सिस सुरिनाम आणि फ्रेंच गयानातला, तो दुकानात दिसणं दुर्मिळच, त्या नावाखाली दुसरेच येतात, कधी अल्टिफ्रॉन्स, कधी आणखी काही, कधी चक्क क्रॉस. माझ्याकडे आहेत टापाजोस रेड हेड. ब्राझीलमध्ये टापाजोस नावाची नदी आहे, सांतारेम शहराजवळ ॲमेझॉनला मिळते, पाणी स्वच्छ निळसर आणि एकदम मऊ, म्हणजे क्षार अगदी कमी, तिथला हा मासा. कपाळ लालभडक, अंगावर निळ्या-हिरव्या चमकत्या रेघा, शेपटीला लांब दोऱ्या. गंमत म्हणजे जगभरातल्या टँकांमध्ये वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या माशाला शास्त्रीय नाव २०२२ मध्ये मिळालं, जिओफेगस पायरोसेफालस. तोवर बिचारा बिननावाचाच.

पण रंगासाठी हा मासा घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. पिल्लं असताना राखाडीच दिसतो, रंग चढायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि तोवर घरातले विचारत राहतात की एवढे पैसे कशाचे दिले. हा मासा घ्यायचा तो त्याच्या खाण्यासाठी. तिरका होऊन वाळूत नाक खुपसतो, तोंडभर वाळू उचलतो, मग जरा वर येऊन थांबतो आणि चघळतो, जबडा खालीवर, डोळे मात्र गरागरा फिरत असतात, इकडे बघ तिकडे बघ, आणि मग दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांच्या झाकणातून वाळूची बारीक धार खाली सुटते. काही कण तोंडातून थुंकतो. खायचं तेवढं आत राहतं. कल्ल्याच्या आत वरच्या बाजूला एक मांसल गादीसारखा भाग असतो, त्याने ही चाळणी होते म्हणतात. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला म्हणाल्या, "अगं उपाशी ठेवलीस का काय त्यांना, माती खाऊलालेत की गं." मग खुर्ची ओढून बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं की हे तर सुपात पाखडल्यासारखं चाललंय. टीव्हीवरची मालिका सुरू झाली तरी उठल्या नाहीत, आमच्या घरात हा मोठाच मान आहे.

म्हणून वाळू. दुकानात मिळणारी रंगीत खडी नको, निळी-गुलाबी तर मुळीच नको, मोठे खडे यांना उचलता येत नाहीत आणि धारदार असतील तर तोंड आणि कल्ले सोलतात. आता बांधकामावर जिकडेतिकडे क्रश सँड आली आहे, ती पण चालत नाही, काळा दगड क्रशरमध्ये फोडून केलेली असते, हातात घेऊन चोळा, टोचते. नदीची वाळू कशी वाहून वाहून गोल झालेली असते. पण नदीची वाळू मिळणं आता सोपं राहिलं नाही, घाटांचे लिलाव, रात्रीचे टिप्पर, ते सगळं आपल्याला माहितीय, त्यात पडायचं कारण नाही. टँकला लागते किती, दोन-तीन पोती. आमच्या ओळखीत एका जुन्या घराचा गिलावा उरकला होता, तिथली शिल्लक मांजरा नदीची वाळू मागून आणली. गिलाव्याच्या बारीक चाळणीतून चाळली, जे चाळणीखाली पडलं तेच घेतलं, दाणा एक मिलिमीटरच्या आतला. मग धुणं. बादलीत हात घालून घोळायचं आणि वरचं गढूळ पाणी झाडांना, परत घोळायचं, पाणी नितळ होईपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला शॉर्टकट नाही.

एक टेस्ट मात्र करा. आपल्या भागातल्या मातीत आणि नदीत चुनखडी भरपूर. चमचाभर कोरड्या वाळूवर फरशी धुवायच्या ॲसिडचे दोन-चार थेंब टाका, चुरचुर फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी आणखी जड करत बसणार. थोडीशी चुरचुर असेल तर मी चालवून घेते, भसाभस फेस आला तर नाही. हीच टेस्ट दगडाला. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले असतात आणि सपाट असल्यामुळे मोह होतो, माशांना अंडी घालायला सपाटच दगड लागतो ना. पण शहाबादी म्हणजे चुन्याचा दगड, ओट्याचा कडप्पा पण तसलाच. दोन्ही टँकबाहेर. त्यापेक्षा आपला साधा काळा दगड बेस्ट, शेताच्या बांधावर फुकट पडलेला, नाहीतर जुन्या घरावरचं मातीचं कौल उपडं करून ठेवा. दगड आधी काचेवर टेकवा आणि मग भोवती वाळू टाका, वाळूवर ठेवलात तर हे खालून उकरतात आणि दगड कलंडतो. झाडं लावायची तर अनुबियास किंवा जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधून, वाळूत रोवलेलं झाड सकाळी वर तरंगताना दिसेल.

आता पाणी, म्हणजे खरा विषय.

माझा टँक पाच बाय दोन बाय दोन फूट. गणिताने ५६६ लिटर, वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर पावणेपाचशेच्या आसपास. जिओफेगसला घाण पाणी सोसत नाही, माशांच्या घाणीतून होणारं नायट्रेट साठलं की डोक्यावर बारीक खड्डे पडायला लागतात, एकदा पडले की भरून यायला महिने लागतात आणि कधी कधी येतच नाहीत. त्यामुळे दर आठवड्याला चाळीस टक्के पाणी बदलायचं, म्हणजे १९० लिटर. लातूरात. हे वाक्य मी नातेवाइकांत मोठ्याने बोलत नाही.

नळाचं पाणी येतं ते मांजरा धरणाचं, धनेगावहून, पण आमच्या भागात त्याचा वार ठरलेला नाही आणि आलं तरी ते पहिलं घरात वापरायला. त्यात टीसीएल पावडर असते, क्लोरीन, ते पाणी टँकला वापरायचं तर एक दिवस उघड्या ड्रममध्ये ठेवून द्यावं लागतं किंवा हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारे खडे, टाकावे लागतात. बोअरचं पाणी आहे पण क्षाराचं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, बाराशेच्या घरात, बादलीला पांढरे थर बसतात. या पाण्यात मोठे मासे जगतात, खातात, वाढतात सुद्धा, खोटं बोलणार नाही. पण अंडी पांढरी पडतात आणि त्यावर बुरशी चढते. ज्याला नुसते मासे बघायचेत त्याने बोअरवर भागवावं. ज्याला पिल्लं बघायचीत त्याला मऊ पाणी पाहिजे.

मऊ पाणी म्हणजे आरओ असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी द्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, म्हणजे माशांना शंभर लिटर द्यायला आणखी दोन-तीनशे वाया, आणि हे कुठे, तर मराठवाड्यात. प्लँटवाल्याचा जार आणला तरी ते वाया जाणं त्याच्या मोरीत होतं एवढाच फरक. माझा भरवसा पावसावर. हजार चौरस फुटाच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की हिशेबाने तेवीसशे लिटर पाणी खाली येतं, त्यातलं निम्मं पकडलं तरी खूप झालं. मृगाचा पहिला पाऊस तसाच जाऊ द्यायचा, गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण धुऊन निघू दे, मग पुढच्या पावसाला पाइप टाकीत. टाकी काळी, झाकण घट्ट, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, नाहीतर डेंग्यूवाले तपासणीला आले की बोलणी खावी लागतात.

पावसाचं पाणी नुसतं पण वापरू नये, त्यात काहीच नसतं, पीएच एकदम गडगडू शकतो. तीन बादल्या पावसाचं आणि एक बादली बोअरचं, की टीडीएस तीनशेच्या आसपास बसतो आणि पीएच सातच्या जरा इकडे तिकडे. टापाजोसच्या मानाने हे अजूनही जडच आहे पण माझ्या माशांनी ते चालवून घेतलंय. वरून देशी बदामाची वाळलेली पानं टाकते, शाळांच्या आवारात ही झाडं असतातच, गळलेली लालसर पानं उचलायची, धुवायची आणि टाकायची. पाणी चहासारखं होत जातं, ज्यांना काचेसारखं पाणी आवडतं ते नाकं मुरडतात, मुरडू दे.

आणि काढलेलं १९० लिटर? सगळं झाडांना. माशांच्या घाणीचं पाणी म्हणजे फुकटचं खत, आमचा कढीपत्ता आणि लिंबू बघायला या. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं की माणसांना पाणी नाही आणि तुम्ही माशांना आंघोळी घालता. प्रश्न अजिबात चुकीचा नाही. पण त्यांच्याकडचे दोन कूलर उन्हाळ्यात रोज टाकी टाकी पाणी पितात आणि ते हवेत उडून जातं, माझं पाणी निदान झाडाच्या मुळाशी जातं, असं मी म्हणाले आणि मग आम्ही दोघी लिंबाच्या लोणच्यावर बोललो. २०१६ सारखं साल परत आलं तर मात्र हा टँक बंद करून मासे पुण्याच्या मित्राकडे पाठवायचे हे घरात ठरलेलं आहे, त्यावर चर्चा नाही.

उन्हाळ्याचं थोडक्यात. यांना २६ ते ३० अंश पाणी मानवतं, मे महिन्यात आपली हवा ४२ वर असते आणि टँक ३३ ला टेकतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास तर ३० ला साडेसात, आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. टँकचं झाकण काढून वरून टेबल फॅन मारला की दोन-तीन अंश उतरतात, आपली हवा कोरडी आहे म्हणून हे जमतं, कोकणात नाही जमणार. पाणी उडून जातं ते पावसाच्या पाण्याने भरायचं, बोअरच्या पाण्याने भरलं तर क्षार चढत जातात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्याच, पाच-सहाशेची वस्तू आहे. थंडीत हीटर लागतोच, डिसेंबरात रात्री इथे दहा-बारा अंशापर्यंत उतरतं.

खायला बुडणारे बारीक दाणे, दिवसातून दोनदा थोडे थोडे. वाळूत पसरतील असे टाकायचे. उकडलेला मटार सोलून, कधी पालक, आणि सुकटवाल्याकडचा जवळा, पण तो रात्रभर भिजवून खारटपणा पूर्ण घालवून आणि बारीक करून. गटारातले ट्युबिफेक्स, म्हणजे ते बारीक लाल किडे, नको. सोबतीला टेट्रा, एंजल, सेव्हरम चालतात. वास्तूवाल्यांनी सांगितलं म्हणून फ्लॉवरहॉर्नसारखा मारकुटा मासा आणि जिओ एकाच टँकमध्ये ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याकडे आता फक्त फ्लॉवरहॉर्न आहे.

ब्रीडिंग. तयार जोडी म्हणून जे विकलं जातं त्यावर विश्वास ठेवू नका, रेड हेडमध्ये नर-मादी ओळखणं अवघड असतं, नर जरा मोठा आणि पंखांच्या दोऱ्या लांब एवढंच, आणि ते पण वाढल्यावर. सहा-आठ पिल्लं एकत्र आणा, एकत्र वाढवा, त्यांचं ते ठरवतात. दोन-तीनच आणले तर एकजण दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडून ठेवतो, कळपात मार वाटला जातो.

जोडी जमली की दगडाचा एक भाग दोघं मिळून तोंडाने घासायला लागतात. बाकीच्यांना हाकलतात. पोटाखाली छोटी नळी बाहेर दिसायला लागली की समजायचं दिवस भरलेत. माझ्याकडे हे बहुतेक पाऊस सुरू झाल्यावर होतं, भरपूर मऊ पाणी हाताशी असतं म्हणून मी पण सढळ हाताने बदलते, त्याचा परिणाम असणार. मादी दगडावर पोट टेकवत ओळीत अंडी चिकटवत जाते आणि नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून. झाल्यावर कधी कधी तोंडात वाळू आणून अंड्यांवर भुरभुरतात, लपवतात, त्यामुळे सकाळी तुम्हाला वाटतं खाल्ली वाटतं, पण ती तिथेच असतात. अर्थात खातात पण. नवीन जोडी पहिल्या काही वेळा अंडी फस्त करतेच, त्यात नवल नाही, टँक हलवू नका, दगड काढून वेगळं उबवायच्या भानगडीत पडू नका.

दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि मग खरी मजा. शेपटी वळवळणारे ते कण आई-बाप दगडावरून तोंडात उचलून घेतात. म्हणजे अंडी बाहेर आणि पिल्लं तोंडात. यांच्याच कुळात रेड हम्प म्हणून मासा आहे, स्टाइंडाखनेराय, कोलंबियाचा, त्यात मादी अंडी घातल्या घातल्या लगेच तोंडात घेते आणि पुढचं सगळं एकटीने बघते, नर कपाळावर लाल टेंगूळ मिरवत दुसरीच्या मागे. तो जड पाण्याशी त्यातल्या त्यात जमवून घेतो, ज्यांच्याकडे फक्त बोअर आहे त्यांनी त्याचा विचार करावा. रेड हेडचं मात्र दोघांचं घर आहे. एकाचा गळा फुगलेला असतो, आतल्या आत पिल्लं घोळवत असतो, जबडा हळूहळू हलताना दिसतो. दुसरा वाळू चाळत खाऊन येतो. मग दोघं समोरासमोर येतात, पहिला खाली वाळूवर सगळा घोळका थुंकतो, दुसरा झटपट वेचून घेतो, एखादं राहिलं तर परत मागे जाऊन तेवढं उचलतो, आणि ज्याची ड्युटी संपली तो जेवायला. आमचा नवरा हे बघून काही बोलत नाही, पण बघतो.

आठ-दहा दिवसांत पिल्लं पोहायला लागतात. दिवसभर वाळूवर आई-बापाच्या आसपास चरतात, कुणी जवळ आलं की मोठा मासा अंग झटकतो आणि सगळी तोंडात. या पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, लागतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली बुडाशी कापून उलटी टांगायची, त्यात लिटरमागे २५-३० ग्रॅम खडं मीठ, आर्टेमियाची अंडी चमचाभर, खालून हवेची नळी, वर बल्ब. २८ अंशाला चोवीस ते छत्तीस तासांत फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर आणि केशरी जिवंत आर्टेमिया खाली, नळीने ओढून कापडात गाळून गोड्या पाण्याने धुऊन द्यायचं. ड्रॉपरने नेमकं पिल्लांच्या तोंडासमोर. पहिल्या आठवड्यात दिवसातून तीन-चार वेळा, म्हणून परीक्षेच्या पेपर तपासणीच्या काळात पिल्लं झाली की माझी पंचाईत होते. पुढे बारीक केलेले दाणे खातात. बाकीच्या माशांत राहिली तर निम्मी गायब होतात, मी थोडी मोठी झाली की नळीने ओढून छोट्या टँकमध्ये काढते, तिथे नुसता स्पंज फिल्टर आणि वाळूचा पातळ थर, कारण नखाएवढं पिल्लू सुद्धा वाळू तोंडात घेऊन थुंकायला लागतं, कुणी शिकवलेलं नसताना.

या पावसाळ्यातली पिल्लं आता दीड-दोन इंच आहेत. लातूर, उदगीर, अंबाजोगाई भागातल्या कुणाला हवी असतील तर सांगा, पण आधी तुमच्या पाण्याचा टीडीएस मोजून आणि टँकचा फोटो घेऊन सांगा, तीन फुटाच्या टँकला मी देत नाही, वाद घालू नका. सहा पिल्लांच्या खाली देत नाही. न्यायला येताना झाकणाची बादली आणा आणि दुपारी बारा ते चार येऊ नका. मार्चनंतर पार्सल बंद.